पद्मक्काची शिट्टी

तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत गजराचं घड्याळ कुणालाच लागत नसे. फटफटायच्या सुमाराला पद्मक्का आपल्या ओट्यावर येऊन उभी राहायची. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, सुती साडी घोट्यांच्या बरीच वर खोचलेली, गळ्यात काळ्या नाडीत ओवलेली पितळी शिट्टी. ती एकदा शिट्टी फुंकायची. कुत्री उठायची, दूधवाला सायकलवरून उतरायचा आणि समोरच्या घरातले पेन्शनर राव कूस बदलून तिच्या नावानं काहीतरी पुटपुटायचे. मुलींच्या शाळेत ती ड्रिल टीचर होती. निवृत्त होताना तिनं कपाटाच्या किल्ल्या, डंबेल्स, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, सगळं परत केलं; शिट्टी मात्र घरी आणली. तमिळ शेजारी तिला 'विसिल टीचर' म्हणत. नात्यानं ती वडिलांची चुलत बहीण, म्हणजे माझी आत्या, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही अक्काच म्हणत आले.

मला तिचा अजून राग आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागले की वाचणाऱ्यांचा गैरसमज व्हायला नको. माझी ही लिहायची मराठी नाशिकची. बँकेच्या नोकरीत काही वर्षं तिकडं होते, तेव्हा देवनागरी गिरवली. तंजावरच्या घरातली मराठी निराळी. अक्का जशी बोलायची तसंच तिचं बोलणं इथं ठेवते, कारण ते सुधारायला गेलं तर भलतीच कुणीतरी बाई उभी राहील.

तिची एक खोड शाळेतल्या प्रत्येक मुलीला माहीत होती. स्पोर्ट्स डेला धावण्याची शर्यत संपली की पहिल्या आलेल्या मुलीकडं अक्का बघायचीसुद्धा नाही. तिला बक्षीस मिळणारच, तिला माझं काय काम, म्हणायची. तिची नजर असायची शेवटच्या मुलीवर. ती धापा टाकत, रडवेली होऊन दोरीपाशी पोचली की अक्का टाळ्या वाजवत पुढं जायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "छान पळालीस." मी त्या शाळेत होते आणि शेवटी येणारी मुलगी बहुतेक वेळा मीच असायचे. त्या दोन शब्दांवर मी पुढचं वर्षभर खूश असायचे.

पण तिची माझी खरी गाठ पडली ती माझी शाळा संपल्यावर, आमच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडं सोवळं कडक. श्राद्ध असो, नवरात्र असो, नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा आणि पाळी आलेली बाई बाजूला बसायची. घरात कामाला हात कमी. आई कधी अडकायची, काकू कधी अडकायची. मी मात्र कधीच नाही. त्यामुळं कुणाकडंही कार्य निघालं की सोवळ्याला मला बोलावणं यायचं. रमा आहे ना, तिची कधी अडचण नसते, असं आई चारचौघींत अभिमानानं सांगायची, आणि मलाही तो माझा गुणच वाटायचा. चार-चार महिने पाळी येत नाही यात काही बिघडलं असेल हे आम्हा मायलेकींच्या डोक्यातच आलं नाही. देवाची सोय आहे, आई म्हणायची.

आजोबांच्या श्राद्धाला मी ओलेत्यानं वडे तळत होते. अक्का मागच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं माझ्या हनुवटीकडं पाहिलं, मानेवरच्या काळपट वळीकडं पाहिलं, वाढलेल्या पोटाकडं पाहिलं. मग जवळ न येता, शिवाशिव होणार नाही एवढं अंतर राखून, तिनं विचारलं, "तूं दूर बसून किती मास झाले गे?"

मला आठवेना. आई मधे पडून काहीतरी बोलायला लागली तसं अक्कानं हात वर केला, वर्गात करायची तसाच. दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. पीसीओएस आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी नीट समजावलं: शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, म्हणून ते जास्त जास्त तयार होतं, त्यानं पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही. हनुवटीचे केस, मुरुमं, मानेवरचा काळेपणा, लांबलेली पाळी, सगळं एकाच घरचं. हे कायमचं जात नाही, पण ताब्यात राहतं. वजन थोडं उतरलं तरी फरक दिसतो. पाळी फारच लांबली तर गोळी देऊन आणावी लागते, कारण गर्भाशयाचं अस्तर नुसतं साचत राहू देणं धोक्याचं. आईनं घाबरत घाबरत मुलाबाळांचं विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेकींना होतात, काहींना थोडी मदत लागते. अक्का माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. हे तिनं माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं.

घरी आल्यावर आईनं दार लावून घेतलं आणि हे कुणाच्या कानावर जाता कामा नये म्हणून रडायला लागली. अक्कानं माझ्या पायाचं माप विचारलं. संध्याकाळी ती माझ्यासाठी तिच्यासारखेच पांढरे बूट घेऊन आली. रडणाऱ्या आईसमोर तिनं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "तुजमध्यें कांहीं कमी नाहीं. घड्याळ हळू चालतें, इतकेंच. किल्ली देऊं."

हे वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं पदराला बांधून फिरले.

मग सुरू झालं अक्काचं राज्य. सकाळी शिट्टी वाजली की बाहेर यायचं. राजवाड्याच्या भिंतीकडेनं, भाजीबाजाराच्या वळणापर्यंत आणि परत. ती पुढं, मी मागं. नुसतं चालून पुरत नाही, स्नायूंना ओझं उचलायला लावलं पाहिजे, म्हणून आडाचं पाणी काढायचं काम माझ्याकडं आलं. घरात नळ असतानाही. शेजारच्या इमारतीच्या गच्चीचे जिने चढायचे. रात्री वेळेवर झोपायचं, मोबाइल तिच्या घरी ठेवून. अंग म्हणजे शाळा, ती म्हणायची, घंटा वेळेवर वाजली की मुलं आपोआप रांगेत येतात.

जेवणाच्या बाबतीत मला वाटलं होतं भात बंद होणार, आणि तंजावरात भात बंद म्हणजे माणूस वाळीत पडल्यासारखंच. तिनं बंद केला नाही. भाताला मागच्या बाकावर बसवायचं, एवढंच तिचं म्हणणं. आधी पानात भाजी, शेवग्याच्या पाल्याची असली तर उत्तम. मग घट्ट डाळ नाहीतर हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, उडदाचं डांगर. भाताला जागा उरेल तेवढीच. सकाळच्या फिल्टर कॉफीतली साखर तिनं एकदम काढली नाही, रोज थोडी थोडी चोरली. मला कळलं तेव्हा मी बिनसाखरेची कॉफी पीत होते. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या मात्र ती स्वतः विचारून घ्यायला लावायची. एकदा कुणीतरी केरळच्या काढ्यानं गोळ्या सुटतात म्हणून सांगितलं तेव्हा अक्कानं त्या बाईला ओट्यावरून अक्षरशः शिट्टी वाजवून हाकललं.

वर्ष सरता सरता मी हलकी झाले. मानेचा रंग उजळला. हनुवटीचे केस गेले नाहीत, ते मी अजूनही उपटते, पण कमी झाले. पाळी गोळीशिवाय येईल की नाही हे बघायला डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या, आणि ती आली नेमकी गणेश चतुर्थीच्या सकाळी. आईनं कपाळाला हात लावला. मोदकांचं सारण तयार, उकड तयार, आणि सोवळ्याची हक्काची मुलगी कोपऱ्यात बसलेली. अक्काला निरोप गेला तशी ती धावत आली. दारातूनच मला बघून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग स्वतः ओलेतं नेसून आमच्या घरचे मोदक तिनं केले, सगळे वाकडेतिकडे, कारण स्वयंपाक हा तिचा प्रांत नव्हे. "आज गणपतीनेंच सुट्टी दिली हिला," ती आईला म्हणाली. तो दिवस आठवला की माझा राग थोडा डळमळतो, म्हणून मी तो फार वेळा आठवत नाही.

आता बसची गोष्ट. आम्हा तंजावरच्या मराठी माणसांची एक समजूत आहे. चार भिंतींत जे बोलायचं ते आम्ही भर बाजारात मराठीत बोलतो. आजूबाजूला सगळे तमिळ, आपलं कोणाला कळतंय? दुकानदारासमोर त्याच्याच मालाला नावं ठेवायची, पाहुण्यासमोर पाहुण्याची उणीदुणी काढायची. अक्काचा आवाज मैदानावरचा. तिची थोरली बहीण कावेरीबाई पापनाशमला राहायची, शेतीवाडीचं घर. अक्का मला घेऊन तिकडं निघाली होती. गच्च भरलेल्या बसमध्ये, मी खिडकीशी आणि ती शेजारी, तिनं विचारायला सुरुवात केली: या वेळेस पाळी किती दिवस राहिली, गाठी पडल्या का, पोटात दुखलं का. मी चिमटा काढला. "काय भितेस? एथें कोणास कळतें?" ती आणखी मोठ्यानं म्हणाली.

पापनाशम आलं. मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ उठले. नेसूला वेष्टी, कपाळाला भस्म, हातात केळीच्या पानांचा भारा. उतरता उतरता अक्काकडं वाकून ते म्हणाले, "मेथी रात्रीं भिजत घालून सकाळीं खा म्हणून सांगा मुलीस. माझ्या सुनेस गुण आला." आणि उतरून गेले. अक्काचा चेहरा मी तसा पडलेला कधी पाहिला नव्हता. मग आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून पोट धरून हसलो. मेथी मी तेव्हापासून खाते.

कावेरीबाईंना एकच मुलगा, माधव. तंजावरच्याच एका कॉलेजात शिकवायचा. त्या दिवसानंतर तो आमच्या गल्लीत मावशीला भेटायला जरा जास्तच येऊ लागला. मला तो आवडला होता, यात आता लपवण्यासारखं काही नाही. बोलणी त्यांच्याकडूनच निघाली. पत्रिका बघितल्या, जुळल्या. आईनं मला विचारलं, आजाराचं सांगायचं का? मी म्हणाले, मी स्वतः माधवला सांगणार, साखरपुड्याच्या आधी, समोरासमोर बसून. हे मी अक्कालाही सांगितलं. तिनं मान डोलावली. जरा थांब, आधी घरं एकमेकांना रुळू देत, म्हणाली.

मी थांबले. आठवड्याभरात पापनाशमहून निरोप आला की दुसऱ्या ज्योतिषांना दाखवलं, पत्रिकेत दोष आहे. पाठोपाठ खरं कारणही गल्लीत आलं: मुलीला गर्भाशयाचा आजार आहे, मूल होणार नाही. आईनं अंथरूण धरलं. अक्का आमच्याकडं येऊन माझ्याजवळ खाली बसली आणि रडली. तो बसमधला म्हाताराच असणार, ती म्हणाली, त्याच गावात उतरला ना. माझीच चूक, मी मोठ्यानं बोलते. मी तिचे डोळे पुसले. मी तिला समजावलं, तुमची काय चूक अक्का, तुम्ही होतात म्हणून मी उभी आहे. माधव आईच्या पदराआड गप्प बसला. त्याचा मला राग येतो, पण त्याच्यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहावं इतका तो मला आठवत नाही. त्यापुढं पापनाशमच्या बसमध्ये चढले की मी त्या म्हाताऱ्याला शोधायचे, चार शब्द सुनवावेत म्हणून. बिचारा पुन्हा कधी दिसला नाही.

दोन वर्षांनी एका मुंजीत कावेरीबाई माझ्या शेजारी पंगतीला बसल्या. माधवचं लग्न झालं होतं. माझ्या पानातली भाजी आधी संपतेय हे बघून त्यांनी मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, मनात काही ठेवू नकोस हो. मी म्हटलं, तुमच्यावर कसला राग, तो बसमधला म्हातारा मधे तडमडला नसता तर. त्यांनी माझ्या पाठीवरचा हात काढला.

"कोण म्हातारा? आम्हांस पद्मानेंच सांगितलें. मुलगी सोन्यासारखी आहे, पण आपल्या घरांत नको म्हणून."

मला माहीत आहे असंच त्या धरून चालल्या होत्या. मी पानावरून उठले नाही, कारण पंगत मोडून उठायचं नसतं. समोर वाढलेलं सगळं संपवलं. त्यात काय काय होतं ते आज सांगता येणार नाही.

संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर गेले. ती सुपात शेवग्याचा पाला खुडत बसली होती, बहुतेक माझ्यासाठीच. मी उभ्या उभ्याच विचारलं. तिला वाटलं असतं तर अजून एकदा म्हाताऱ्याचं नाव घेता आलं असतं. तिनं घेतलं नाही.

"हो. मीच सांगितलें," ती म्हणाली. "एकच मूल आहे आमच्यांत. भय वाटलें मजला."

मी म्हणाले, "डॉक्टरांनीं सांगितलेलें तुम्ही ऐकलें होतें. आणि तुम्हीच म्हणत होतां ना, माझ्यांत कांहीं कमी नाहीं म्हणून?"

तिचे हात पाला खुडतच होते. वर न बघता ती म्हणाली, "टीचर आहें मी. शेवटीं आलेल्या मुलीसही छान पळालीस म्हणायचेंच असतें."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. लग्न मोडल्याचं दुःख मी तोवर पचवलं होतं, तो विषय संपला होता. पण इतकी वर्षं जे वाक्य धरून मी चालत होते, ते बोलणारीनं एक दिवससुद्धा खरं मानलं नव्हतं. मैदानावरच्या त्या टाळ्याही आठवल्या, एकेक करून. तिनं मला फसवलं होतं, आणि तिच्या दृष्टीनं त्यात फसवण्यासारखं काही नव्हतंच. ते तिचं कामच होतं. मी रडले नाही. पांढरे बूट पायातून काढले, तिच्या ओट्यावर जोडीनं ठेवले आणि अनवाणी घरी आले.

रागाच्या भरात चालणं सोडलं. भाताला पुन्हा पुढच्या बाकावर बसवलं, उशिरापर्यंत जागले, कॉफीत साखर घातली. शरीरानं हिशेब लगेच दाखवला, पाळी पुन्हा लांबली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, हे कुणाला शिक्षा म्हणून चाललंय? परतताना बाजारातून नवे बूट घेतले, निळे. नंतर बँकेत बदली मागून नाशिकला गेले. तिथं ना शिट्टी होती ना राजवाड्याची भिंत, पण मी रोज उठले आणि रोज चालले. ज्वारीची भाकरी शिकले. गोळ्या लागल्या तेव्हा घेतल्या, नाही लागल्या तेव्हा नाही. पुढं आलेली दोन स्थळं मी माझ्या मर्जीनं नाकारली, त्याचं खापर अक्कावर फोडत नाही. तिनं शिकवलेलं सगळं खरं निघालं. त्यामुळं राग कमी होत नाही, उलट जास्तच जाचतो. तिच्या हातचं घेतलेलं परत करायची सोय नाही.

गेल्या वर्षी आई थकली म्हणून परत तंजावरला आले. अक्काचे गुडघे गेलेत. आता ती ओट्यावर खुर्चीत बसून असते, पायात अजून पांढरे बूट. आमचं बोलणं नाही. मी सकाळी निळे बूट घालून तिच्यासमोरून जाते आणि ती बघते, एवढंच.

मागच्या महिन्यात तिच्या ओट्यासमोर एक मुलगी उभी दिसली. गल्लीच्या टोकाच्या घरातली अनू, कॉलेजात जाणारी. अंगानं भरलेली, ओढणीनं हनुवटी झाकलेली. मला सांगायची गरज नव्हती. अक्का खुर्चीतूनच तिला चालायचा रस्ता समजावत होती, आणि मी जवळून जात असतानाच मला ऐकू आलं, "तुजमध्यें कांहीं कमी नाहीं." आवाज तोच, मैदानावरचा.

शिट्टी वाजली आणि अनू माझ्या मागोमाग निघाली. भिंतीपाशी मला गाठून ती बरोबरीनं चालू लागली. तिला मराठी समजते, बोलते मात्र तमिळच. धापा टाकतच तिनं विचारलं, विसिल टीचर म्हणतात ते खरं आहे का? त्यांनी तुम्हालाही तेच सांगितलं होतं असं घरी म्हणतात.

मी थांबले. वळून पाहिलं तर अक्का खुर्चीतून पुढं वाकली होती. इतक्या लांबून तिला काही ऐकू जाणार नव्हतं, पण मुलीनं काय विचारलं असेल हे ती ओळखून होती. मी काय सांगते याची ती वाट बघत होती.

"खरें आहे," मी अनूला म्हणाले, आमच्या घरच्या मराठीत. "पण तें तिच्याकडून ऐकूं नकोस. माझ्याकडून ऐक."

अनूनं मान हलवली आणि ओढणी खांद्यावरून मागं टाकून गाठ मारली. आम्ही दोघी बाजाराच्या दिशेनं चालू लागलो. थोडं पुढं जाऊन मी एकदा मागं पाहिलं. अक्कानं शिट्टी ओठांत धरलेली होती. ती वाजली नाही.